यादीत नसलेलं दुःख

दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही, आणि त्याला कारण मीच.

आमच्या हेल्पलाइनवर लोक इंग्रजीत लिहून कळवतात. कुणाचा निरोप आधी उघडायचा, ते शब्दांच्या जोड्यांवरून ठरतं. ‘सिव्हिअर अँक्झायटी’, ‘ब्रोकन हार्ट’, ‘इमोशनल ब्रेकडाउन’, अशा बेचाळीस जोड्यांची यादी आहे. त्यातली एक जरी दिसली तरी निरोप लाल होतो आणि तडक समुपदेशकाकडे जातो. बाकीचे सगळे ‘चौकशी’त. यादी मीच केली, पुस्तकं चाळचाळून. काय तोरा होता तेव्हा माझा.

आज चौकशीतले जुने निरोप आवरताना कालचा एक पुन्हा वाचला. मराठीत सांगायचं तर असा: ‘मांजर बहिणीकडे सोडली. कुंड्या शेजारणीला दिल्या. कपाटं रिकामी केली. तुमचं ऑफिस रविवारी उघडं असतं का?’ खाली माझंच उत्तर: रविवारी बंद, धन्यवाद.

 आज शनिवार. आमच्या प्रमुख मॅडमकडे धावले.

“घर बदलत असेल कोणी,” त्या म्हणाल्या. “यात एकही जोडी नाही.”

“घर बदलणारं माणूस मांजर बरोबर नेतं, मॅडम.”

“यादी तूच केलीस ना? मग आता कशाला आकांडतांडव?”

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. आपण होऊन कुणाला फोन करायचा नाही, असाही नियम आहे. घातला चुलीत. तिथूनच निरोपाखालच्या नंबरवर फोन लावला; दोनदा कोणी उचलला नाही. बसवेना, उभंही राहवेना. तिसऱ्यांदा एक बाई बोलली, माझ्या आईच्या वयाची असावी.

“हेल्पलाइनमधून बोलतेय. तुमचा निरोप आला होता.”

“उत्तर मिळालं की. रविवारी बंद असतं.” आवाजात जराही राग नव्हता. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“नीट न वाचताच पाठवलं ते. चुकलं माझं. मावशी, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का तुमच्या?”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“आठवडा कसाबसा निघतो,” ती म्हणाली. “रविवार निघत नाही. कुठे उघडं असतं तर बसले असते येऊन.”

 मी म्हटलं, “पत्ता सांगा. आत्ता निघते.”

तिनं सांगितला. “लिफ्ट बंद आहे, चार मजले चढावे लागतील तुम्हाला.”

“चढते. फोन ठेवू नका.”

मॅडमनी आपल्या गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली.