विचारायची गरज नाही

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे, पण मला कोणी गोष्टीसाठी वाचत नाही की अभ्यासासाठीही नाही. मी एका खेळाचे नियम सांगते. पनवेलच्या मोहल्ल्याजवळ शहाबानोबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या काचेच्या कपाटात, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांमागे, मी उभी असते. माझं नाव ‘खाडीचे राखणदार’.

माझ्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक प्रसंग सांगतो: उधाण आलंय, बांधाला भगदाड पडलंय, आता काय कराल? बाकीचे बांधाचे राखणदार होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात.

मला दोघांनी मिळून लिहिलं. दिपिका खारघरजवळच्या ओवे गावची. तिच्या आजोबांनी खाडीचे बांध राखले होते, म्हणून माझ्यातली गावं आणि माणसं तिनं लिहिली. नोमान हा शहाबानोबाईंचा मुलगा, दिपिकाचा कॉलेजातला मित्र. त्यानं चित्रं काढली आणि फाशांचं गणित बसवलं. ते गणित मुळात त्याचं नव्हतं. परदेशातल्या एका प्रकाशकानं आपल्या खेळाचे नियम सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. घ्या, बदला, विका. फक्त कोणाकडून घेतले ते लिहा, एवढीच त्याची अट.

“आपल्याला एवढं मिळालं, तर आपणही द्यायला हवं,” दिपिका म्हणाली.

म्हणून माझ्या शेवटच्या पानावर छापलं गेलं: ‘गोष्ट आणि चित्रं आमची आहेत. नियम मात्र कोणीही घ्यावेत, बदलावेत, छापावेत, विकावेत. आमची नावं तेवढी लिहावीत. विचारायची गरज नाही.’ शेवटचं वाक्य नोमाननं स्वतः जोडलं आणि ठळक केलं. केवढा खूष होता तो त्या दिवशी!

याच दुकानात आमच्या दोनशे प्रती निघाल्या. पहिली मी. शहाबानोबाईंनी मला पिना मारल्या, कडा कापल्या आणि कौतुकानं कपाटात पुढं मांडलं. मग दर रविवारी दुपारी मशीन बाजूला सरकवून खेळ रंगायचा. माझी पानं हातोहात फिरायची. कोणी चहा सांडला, कोणी कोपरा दुमडला. मला त्याचं सुखच वाटायचं. माझ्या बहिणी पुस्तकांच्या जत्रांना गेल्या, काही टपालानं गेल्या. नियम इंटरनेटवरही ठेवले होते. पण तिथून कोणी नेले, त्यांचं पुढं काय केलं, हे कळायची सोय नव्हती. हळूहळू रविवारची माणसं नोकऱ्यांना लागली. टेबल रिकामं राहू लागलं.

दोन वर्षांनी एका मोठ्या प्रकाशकाचं पत्र आलं. त्याला मी हवी होते. रंगीत छपाई, जाड पुठ्ठा, सगळं मिळणार होतं. अट एकच, शेवटचं पान काढायचं आणि नियम यापुढं फक्त त्याचे.

“देऊन टाकू,” नोमान म्हणाला. “निदान कोणी वाचेल तरी.”

“एकदा मोकळं केलेलं परत कसं बांधणार?” दिपिका म्हणाली. “ज्यांनी नियम घेतले असतील त्यांना काय सांगायचं?”

“कोणी घेतलेत? नाव सांग ना एकाचं! दोन वर्षांत एक फोन आला? एक मेल?”

दिपिका एवढंच म्हणाली, “मी सही करणार नाही.”

“मग ठेव तुझं पान सांभाळून,” नोमान म्हणाला. त्यानं मला कपाटात ठेवलं आणि काच सरकवली. पुढच्या महिन्यात तो दोह्याला नोकरीवर गेला. दिपिका खारघरच्या एका कॉलेजात शिकवू लागली. तीही दुकानात यायची थांबली.

मित्रांनो, मग माझ्यापुढं पत्रिकांचे नमुने लागले. सोनेरी गणपती, सोनेरी चाँद. गिऱ्हाइकांचे हात माझ्या अलीकडंच थांबायचे. फटीतून येणाऱ्या उन्हानं माझ्या मुखपृष्ठावरची खाडी पांढुरकी पडली. कसर लागली आणि तिनं दोन पानांना भोकं पाडली. शहाबानोबाई महिन्यातून एकदा फडकं मारत, माझ्यावरच्या मुलाच्या नावावरची धूळ पुसून घेत आणि मला परत मागं ठेवत. खरंच कोणाला आपण नको होतो का, हाच विचार मी चार वर्षं केला.

या वर्षी एका सकाळी उरणजवळच्या करंजा गावातून एक बाई आल्या. नाव जनी. गावातलं वाचनालय त्या चालवतात. त्यांनी पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं.

“नोमान आन दिपिका हितंच भेटतील का? त्यांच्या पुस्तकावर हाच पत्ता हाय.”

“नोमान माझा बेटा. तो दोह्याला असतो. काय काम होतं?”

“काम काय नाय. त्यांच्या खेलाचं नियम घेऊन आमी आमचा खेल केलाय. राखनदार काढलं, मासेमारीला जानारी मानसं घातली. आमच्याच बोलीत हाय. सा वर्सं खेलतोय, आता छापला. म्हटलं, एक प्रत देऊन यावं.”

“सहा वर्षं?” शहाबानोबाई खुर्चीवरून उठल्या. “या खुदा! मग आधी कळवलं का नाही हो?”

जनीबाई गोंधळल्या. “त्यांनीच लिवलंय ना, इचारायची गरज नाय. म्हून नाय इचारलं.”

शहाबानोबाईंनी लगेच नोमानला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, “अम्मी, म्हणजे आम्ही भांडलो तेव्हाही ते लोक खेळत होते?” आणि मग, “दिपिकाचं नाव आहे ना त्यावर?”

“आहे. तुझ्या शेजारीच.”

“तिला बोलाव. मी फोन केला तर उचलायची नाही.”

शनिवारी दिपिका आली. तिनं जनीबाईंचं पुस्तक उभ्या उभ्या वाचून काढलं. वादळ आल्यावर फासे कसे टाकायचे, त्या पानावर ती थांबली, परत मागं गेली, परत वाचलं. मग पत्रिकांमागून तिनं मला बाहेर काढलं. चार वर्षांनी तिची बोटं माझ्या पानांवरून फिरली. माझ्यातल्या वादळाच्या नियमापाशी तिनं पेन्सिलीनं समासात चार ओळी लिहिल्या आणि खाली लिहिलं: ‘हा नियम करंजाच्या जनीताईंचा’.

मग तिनं स्वतःच्या फोनवरून नोमानला फोन लावला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. म्हणाली, “नोमान, वादळाचा नियम आपला चुकला होता रे. त्यांनी बरोबर केलाय.” पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दिपिका मात्र भिंतीकडं तोंड करून ऐकत राहिली.

जाताना तिनं जनीबाईंचं पुस्तक नेलं. मी पुन्हा कपाटातच आहे. दुपारी दुकान सामसूम असतं आणि कसर अजून गेलेली नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. कोणी आपलं काम तुमच्यासाठी मोकळं ठेवलं असेल, तर जरूर घ्या. बदला, वाढवा, त्याचं नाव लिहा. परवानगी मागू नका, ती दिलेलीच आहे. पण त्याला एक ओळ लिहून कळवा. वाट बघणाऱ्याला चार वर्षं फार मोठी असतात.