अर्ध्या वाक्याचा फोटो

माझा नवरा फोटोग्राफर आहे आणि मला त्याचा राग येतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

त्याचं दुकान मोठ्या रस्त्यावर आहे. पुढं काचेची शोकेस, आत काउंटर, मागं पडदा लावलेली खोली आणि खोलीत एक उंच स्टूल, ज्यावर बसलं की कुणीही गुन्हेगार दिसतो. लग्नं, वाढदिवस, निरोपसमारंभ, शाळेचे वर्गफोटो, सगळं करतो. हा माणूस क्षण सोडत नाही, असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय म्हणायला. तो क्षण हमखास सोडतो आणि मग त्याची कॉलर धरून त्याला परत आणतो.

अगदी सुरुवातीला एका लग्नाचा अख्खा रोल कोरा निघाला होता. नवरीच्या मामानं दुकानात येऊन तमाशा केला. तेव्हापासून यानं धसका घेतलाय. काहीही टिपलं की म्हणतो, "सेफ्टीसाठी अजून एक." विझवलेल्या मेणबत्त्या पुन्हा पेटवायला लावतो. नुकतंच बापाच्या हातात दिलेलं बाळ परत नर्सकडे द्यायला लावतो, आणि बाप पुन्हा पहिल्यांदा हरखतो. शेजारचं पोर सायकल शिकताना धडपडलं, तर याला ते धडपडणं हवं होतं. पोराला म्हणाला, "मगाशी पडलास ना, तसाच ये." पोर आलं, पडलं आणि या वेळी खरंच दात पाडून घेतला. तो फोटो मात्र झकास आला.

आणि खोटं कशाला बोलू, फोटो झकासच येतात. काही मनासारखं सापडलं की याचं तोंड उजळतं, "मिळाला!" म्हणतो, आणि त्या घटकेला हा माणूस इतका देखणा दिसतो की विचारू नका. मी त्यालाच भुलले. माझ्या ताईच्या लग्नात फोटो काढायला आला होता. अल्बम घरी आला तेव्हा त्यात नवरीपेक्षा मीच जास्त होते. पाणी पिताना मी, चपलेचा पट्टा लावताना मी, जांभई देताना मी. बाबांनी शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "लग्न नक्की कुणाचं होतं?"

उत्तर त्यांना वर्षभरानं मिळालं. मी त्यांच्या मनाविरुद्ध याच्याशी लग्न करून निघाले आणि बाबांनी मला दार बंद केलं. बाबा शिंपी. घरातच मशीन, घरातच गिऱ्हाईक. कुणाचा कोट कितीही बिघडला तरी उसवून नीट करून देतात, पण पोटच्या पोरीच्या बाबतीत त्यांना ते जमलं नाही. त्यांचं घर इथून दोन गल्ल्या पलीकडं. बाजारात जाताना आमचं दुकान आलं की ते रस्ता ओलांडून समोरच्या बाजूनं जायचे. मी काचेतून बघायचे आणि मनात शिव्या द्यायचे.

तेही मी गिळलं असतं. पण आई आजारी पडली. ताईनं कळवलं, मी गेले. दार वाजवलं, हाका मारल्या. आत मशीन चालू होतं, माझा आवाज ऐकून ते थांबलं. मी जिन्यात बसून राहिले. दार उघडलं नाही. त्याच आठवड्यात आई गेली.

म्हणून परवा ताईचा फोन आला, "बाबा रविवारी तुझ्याकडे येतायत," तेव्हा मी म्हणाले, "पत्ता चुकला असेल त्यांचा."

"तुला काहीतरी सांगायचंय त्यांना. रोज मशीनवर बसून पुटपुटत असतात. मी विचारलं तर म्हणाले, तिलाच सांगेन." वर म्हणाली, "तू जिभेला धार लावून बसू नकोस."

काय सांगायचं असेल ते मला ठाऊक होतं. चुकलं माझं, एवढंच. मला तेवढे दोनच शब्द हवे होते. किती वर्षं मी ते त्यांच्या आवाजात मनात ऐकत आले होते आणि दर वेळी त्यावर वेगळं, आणखी जहरी उत्तर देत आले होते.

नवऱ्याला सांगितलं ती घोडचूक. त्याचे डोळे लकाकले.

"अगं, विचार कर. इतक्या वर्षांनी बाप दारात उभा. दार उघडतं, मुलगी समोर. असा क्षण आयुष्यात एकदाच येतो."

"कॅमेऱ्याला हात लावलास तर हात मोडीन."

"एकच."

"एकही नाही."

"शपथ," तो म्हणाला. त्याच्या शपथेवर विसंबायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची. मी कॅमेरा कपाटात कोंडला आणि किल्ली कनवटीला लावली. दुकानात दुसरा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी बेल वाजली. मी दार उघडलं. बाबा जिने चढून धापा टाकत होते. अंगात स्वतः शिवलेला करडा कोट, आता खांद्यावर ढगळ झालेला. मी ठरवलं होतं, आपण आधी बोलायचं नाही. तेच बोलले. माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या खांद्याकडे हात उचलला आणि म्हणाले, "ठके, त्या दिवशी तुझ्या आईनं..."

माझ्या पाठीमागं क्लिक झालं.

"हात्तिच्या! फ्लॅशच पेटला नाही." नवरा स्वयंपाकघराच्या पडद्यामागून बाहेर आला. चेहरा लाल, अगदी जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखा. "बाबा, एकच मिनिट. जरा परत बाहेर जाता का? बेल वाजवा, ही दार उघडेल, मग अगदी असंच. हात पण असाच. फार सुंदर होतं हो."

बाबांचा हात तसाच अधांतरी होता. तो त्यांनी खाली घेतला. मी तोंड उघडणार, तोच बाबा एवढंच म्हणाले, "बरं." गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मग बाहेर गेले आणि दार त्यांनीच ओढून घेतलं.

नवऱ्यानं बॅटरी बदलली. दाराजवळच्या चपला पायानं बाजूला सारल्या. "तू थोडी डावीकडे उभी राहा, म्हणजे त्यांचा चेहरा झाकला जाणार नाही."

"तुला लाज नावाची गोष्ट ठाऊक आहे का?"

"नंतर भांड. आत्ता चेहरा नको बिघडवूस."

आम्ही बेलची वाट बघत उभे राहिलो. बेल वाजेना. शेवटी त्यानं हाक मारली, "बाबा, चालेल आता!" आणि मी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

मी अनवाणी खाली पळाले. ते फाटकापर्यंत पोचले होते.

"कुठं निघालात?"

"बाहेर जा म्हणाला, गेलो."

"वाक्य अर्धं राहिलंय तुमचं."

"किती दिवस जुळवत होतो ते. एकदा कसंबसं तोंडात आलं होतं. मी काय नाटकातला आहे, पडदा पाडून परत वर करायला?"

"तुम्हाला निमित्तच हवं होतं."

"असेल."

"आईचं काय म्हणत होतात?"

त्यांनी कोटाची बटणं लावली, सावकाश, खालून वर. "आलो होतो, एवढं धर."

"नाही धरत," मी म्हणाले. ते गेले.

वर आले तर नवरा कॉम्प्युटरसमोर वाकून बसला होता. "मिळाला!" तो म्हणाला. "अगं, मिळाला की! फ्लॅश नव्हता, पण जिन्याच्या खिडकीचा उजेड होता. नुसता उजळवला. उगाच पाठवलं आपण त्यांना बाहेर."

आपण, म्हणे.

मी बघितलं. माझी नुसती पाठ आणि वेणी. समोर बाबा. उजेड एका गालावर. हात माझ्या खांद्यापासून वीतभर दूर. तोंड उघडं, आणि डोळ्यांत असं काही, जे मी त्या घरात राहत असतानाही कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. मला तो फाडून टाकायचा होता, पण नुसत्या पडद्यावरचं काय फाडणार?

"काय म्हणत होते गं?" त्यानं विचारलं.

"ते कळलं असतं. तू मध्ये कडमडलास."

मला वाटलं, आता तरी हा माफी मागेल. पण तो फोटोच बघत होता, आणि मग माझ्या डोक्यात ते आलं.

"मोठा कर," मी म्हणाले.

"किती?"

"शोकेसमध्ये मावेल एवढा."

"बाबांना आवडणार नाही गं."

"म्हणूनच."

फोटो लागला. लोक थांबायला लागले. भाजीची पिशवी हातात धरून बायका काचेपुढं उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, "काय म्हणतायत हो हे आजोबा?" कुणी म्हणायचं आशीर्वाद देतायत, कुणी म्हणायचं रागावलेत. दोघेतिघे येऊन म्हणाले, आमचाही असाच काढा. नवरा मान तुकवून कौतुक झेलायचा आणि मी काउंटरवरून त्याच्याकडे बघायचे. तेव्हा तो नजर चुकवायचा. माझं डोकं दुसरीकडेच होतं. मी रस्त्याच्या समोरची बाजू बघत होते.

आधी ताईचा फोन आला. "मनाची नाही तर जनाची तरी ठेव. बापाला बाजारात मांडलंस."

"त्यांना आवडत नसेल तर येऊन सांगू देत."

आले. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा काचेसमोर उभे राहिले, आतल्या बाबांएवढेच उंच. मी बाहेर गेले.

"काढ तो," ते म्हणाले.

"पुढचं म्हणा. काढते."

"इथं? भर रस्त्यात?"

"घरात संधी होती. तुम्ही जिना उतरलात."

"तुझ्या नवऱ्यानं..."

"त्याचं मी बघेन. तुम्ही तुमचं बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फोटोकडं बघत राहिले. "खांद्यावर शिवण उसवलीय," ते म्हणाले. "यात दिसतेय. मला आरशात दिसली नव्हती."

दोन पोरं आमच्या मधून वाट काढत गेली. बाबांनी काचेला बोट लावलं, शिवणीवर, आणि मग बोलायला लागले, पण त्या फोटोलाच सांगितल्यासारखं.

"त्या दिवशी तुझ्या आईनं विचारलं, दारात कोण आहे? मी म्हणालो, कुणी नाही. ती म्हणाली, ठकीचा आवाज वाटला. मी म्हणालो, तापात भास झाला तुला. ती उठायला बघत होती. मी तिला धरून झोपवलं. मग म्हणाली, भासच असेल, ती कशाला येईल." त्यांनी बोट काढून घेतलं. "जाईपर्यंत परत विचारलं नाही तिनं."

इतकी वर्षं मी एकाच आधारावर होते, की आईला माझा आवाज ऐकूच गेला नसेल. ती झोपेत असेल, ग्लानीत असेल. मला 'चुकलं' एवढंच ऐकायचं होतं. ते त्या सगळ्यात कुठंच नव्हतं. आईनं माझा आवाज ऐकला होता, आणि तरी मी आलेच नाही असं समजून ती गेली. हे मी स्वतः मागून घेतलं होतं, काचेत फोटो लावून.

काचेपलीकडं नवरा काउंटरशी उभा होता. बाबांचे ओठ थरथरत होते, माझं तोंड कसं झालं होतं देव जाणे, आणि त्याचा हात कॅमेऱ्यावर होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात काढला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

मी शोकेस उघडली. फोटोच्या चारही टाचण्या काढल्या, गुंडाळी केली आणि बाबांच्या हातात दिली. काढते म्हटलं होतं, म्हणून काढला. ते गुंडाळी घेऊन उभेच राहिले. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते. इतक्या वर्षांत तयार केलेली माझी सगळी जहरी उत्तरं दुसऱ्याच वाक्यासाठी होती.

"खरं तेव्हा आईला सांगायचं होतंत, बाबा," मी म्हणाले. "मी दारातच उभी होते."