भिंगरीची तीन कामं

फ्रिजच्या दारावर तिने तक्ता चिकटवला तेव्हा नवरा पोट धरून हसला. "अडीच वर्षांच्या पोरीचा हजेरीपट?"

"हसू नका," ती म्हणाली. "आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलंय. याच वयात कामाची गोडी लावायची. आणि काम केलं की लगेच बक्षीस. उद्यावर ढकलायचं नाही."

तक्त्यावर तीन कामं होती. चमचे खणात ठेवायचे, मोज्यांच्या जोड्या लावायच्या, चपला दाराशी नेऊन ठेवायच्या. मुलीला वाचता येत नाही हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, मग तिने वर चित्रं काढली. चपलेची होडी झाली. पण हौसेला मोल नसतं. तिने सोनेरी चांदण्यांची चिकटपट्टी आणली आणि सोमवारपासून भिंगरी कामाला लागली.

भिंगरी हे काही पोरीचं कागदावरचं नाव नव्हे. ती एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून बापाने ठेवलेलं.

घराची घडी अशी होती की आई सकाळी दातांच्या दवाखान्यात जायची. तिथे ती फोन घ्यायची, वेळा द्यायची, घाबरलेल्या माणसांना 'काही दुखत नाही' असं खोटं सांगायची. बाप यंत्रमागावर, दुपारपाळीला. म्हणजे सकाळी भिंगरी बापाकडे आणि दुपारनंतर आईकडे. नवराबायकोची गाठ पडायची ती दारात, एकाच्या पायात चपला जाताना आणि दुसऱ्याच्या निघताना. तेवढ्यात पोरीच्या दिवसाचा अहवाल द्यायचा.

"आज तिन्ही कामं केली," बाप सांगायचा. "वर खुर्च्या पुसल्या. चुटकीसरशी करते गं! गुणी आहे पोर."

आणि तो गेला की हीच गुणी पोर आईला घाम फोडायची.

ओट्याशी भांडी विसळता विसळता आई म्हणायची, "भिंगरी, चमचे ठेव बाळा." भिंगरी आपली ठोकळ्यांत. "भिंगरी, ऐकलंस का?" छे. पालथ्या घड्यावर पाणी. मग आई हात पुसून तिच्यापुढे जाऊन बसायची, चमचा दाखवायची, की ही उठून सगळे चमचे खणात, तेही डाव एका बाजूला आणि चमचे एका बाजूला असे लावून मोकळी. आई चांदणी चिकटवायची, मनापासून शाब्बास म्हणायची. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून "मोजे आण गं" म्हणावं, तर ही बाथरूममधला साबण घेऊन हजर. चेहऱ्यावर भाव असा की बक्षीस कुठाय?

साबणाला चांदणी द्यायची की नाही? सिस्टरनी याचं काही सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने दिली. दुसऱ्या दिवशी दिली नाही, तर भिंगरी तक्त्यापुढे उभी राहून इतकी रडली की शेजारचं दार उघडलं. तिसऱ्या दिवशी आईने बक्षिसाचा भाव वाढवला. चांदणीबरोबर अर्धं बिस्किट. मग अख्खं. मग काम करायच्या आधीच बिस्किट, म्हणजे सरळसरळ लाच. भिंगरीने लाच खाल्ली आणि काम केलं नाही, अगदी मोठ्या माणसांसारखं.

ओरडलं की मात्र कधीकधी ऐकायची. अगदी घसा फाडून "भिंगरी!" म्हटलं, की वळायची. त्यामुळे झालं काय, आईचं ओरडणं वाढत गेलं. सुरुवातीला दिवसातून एकदा, मग दर कामाला. अंथरुणावर पडली की तिची तिलाच लाज वाटायची. दवाखान्यात अनोळखी माणसांशी लोण्यासारखं बोलायचं आणि घरी स्वतःच्या लेकीवर खेकसायचं. हेच का ते कामाचं वळण?

तिला कळेनासं झालं होतं. पोर हट्टी म्हणावी तर बापाकडे गोगलगाय. मंद म्हणावी तर चमचे आणि डाव वेगळे लावते. बोलत नव्हती फारसं, 'बा' आणि 'आ' यांच्यावर गाडी अडलेली. पण सासूबाईंनी फोनवर निक्षून सांगितलं होतं, "आमचा हाही तीन वर्षं मुका होता. आता थांबवून दाखव त्याला." म्हणजे तेही नाही. मग उरलं काय? उरलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. आपण रोज सकाळी तिला टाकून जातो आणि तिने ते मनात धरलंय. तिला बाप हवा आहे, आपण नको आहोत. अडीच वर्षांचं मूल असा डूख धरतं का, हे तिला ठाऊक नव्हतं, पण चमच्यांच्या खणापुढे उभं राहून तिला ते खरं वाटायचं.

रविवारी दोघंही घरी. ती मुद्दाम उशिरा उठली आणि आवाज न करता दाराशी उभी राहिली. आज बघतेच, ती मनात म्हणाली, हा गडी नेमकी काय जादू करतो.

नवरा बेसिनशी दात घासत होता. तोंड फेसाने भरलेलं. त्याने ब्रश दाताखाली धरला, भिंगरीकडे बघितलं, खांद्यावर हात आपटला. भिंगरी धावत जाऊन टॉवेल घेऊन आली. त्याने दोन बोटं पावलाकडे नेली. ती चपला घेऊन दाराशी पोचली. त्याने तळहात आडवा सरकवला, तिने कपाटाचं दार लावलं. त्याने मूठ हवेत दोनदा फिरवली आणि भिंगरी आनंदाने तिथल्या तिथे नाचली.

"अहो, तुम्ही तिच्याशी बोललातच नाही!"

त्याने चूळ भरली. "बोललो की. टॉवेल मागितला, चपला ठेव म्हटलं."

"तोंडात ब्रश होता तुमच्या."

तो क्षणभर गोंधळला. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, तो हात कुणी दुसऱ्याने लावलाय असा. बारा वर्षं तो यंत्रमागांच्या मध्ये उभा होता. तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. धागा तुटला, सुताची कांडी संपली, मुकादम आला, जेवायला चल, सगळं हातानेच सांगायचं. मूठ दोनदा फिरवली म्हणजे माल पक्का, शाब्बास. तिथे सगळेच तसं बोलतात, त्यामुळे आपण घरीही तसंच बोलतो हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. आपण तोंडाने बोलतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

ती भिंगरीच्या मागे जाऊन उभी राहिली. "भिंगरी," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. भिंगरी मोजे जोडत होती. "पिल्लू." काही नाही. तिने टाळी वाजवली. काही नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"अगं, लक्ष नसेल तिचं," नवरा म्हणाला आणि त्याने जोरात पाय आपटला. भिंगरी झटकन वळली. "बघ! ऐकू येतंय की. उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

"फरशी हादरली म्हणून वळली ती."

"मग ओरडलीस की वळते, ते?"

दोघांनी अर्धा दिवस वाद घातला. ऐकू येतं, येत नाही, थोडं येतं, हवं तेव्हा येतं. पातेल्यावर डाव बडवून झाला. कधी वळली, कधी नाही. शेवटी त्यांनाच काही कळेना आणि भिंगरी तर पातेलं हातात घेऊन त्याच्या जागी ठेवून आली, कारण तिला वाटलं, हेच काम आहे.

गुरुवारी भिंगरीच्या कानांची तपासणी होती. नवऱ्याला पाळी बदलून मिळाली नाही, म्हणून ती एकटीच गेली. खोलीच्या भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, मध्ये टेबल, एका भिंतीला काचेची खिडकी. तपासणाऱ्या बाईंनी भिंगरीला आईच्या मांडीवर बसवलं, पुढे डबा आणि लाकडी मण्यांची वाटी ठेवली आणि एक मणी तिच्या हातात दिला. मणी गालाशी धरायचा, आवाज आला की डब्यात टाकायचा. त्यांनी स्वतः करून दाखवलं, तिचा हात धरून करून घेतलं. तिसऱ्या खेपेला भिंगरीला समजलं. तिचा चेहरा उजळला. नवीन काम मिळालं होतं.

"ताई, तुम्ही फक्त बसून राहा," बाई म्हणाल्या आणि काचेपलीकडे यंत्राशी गेल्या. त्यांचे हात आता दिसत नव्हते.

आवाज आला. बारीक, लांबच्या शिट्टीसारखा. आईला स्वच्छ ऐकू आला. भिंगरी मणी गालाशी धरून बसलेली. टाक ना, आई मनात म्हणाली. टाक गं. तिचा गुडघा कधी उचलला गेला ते तिलाच कळलं नाही. भिंगरीने मणी डब्यात टाकला.

पुढच्या आवाजाला गुडघा तिने उचलला. मुद्दाम. त्याच्या पुढच्यालाही. डब्यात सात मणी पडले आणि तिला हायसं वाटलं, जणू खरोखरच सगळं ठीक होतं.

बाई दार उघडून आत आल्या. रागावल्या नाहीत. "ताई, तुम्ही तिला पास करताय. पण ही परीक्षा नाही. तुम्ही हललात तर तिला किती ऐकू येतं ते मला कळणार नाही, आणि मला कळलं नाही तर मी तिला कानाला लावायला काहीच देऊ शकणार नाही."

तिने मान हलवली. पाय जमिनीवर घट्ट रोवले.

पुन्हा शिट्टी. भिंगरी थांबली. थोडी मोठी. भिंगरी थांबली. जी पोर दोन मिनिटं टिकत नव्हती ती मणी गालाला टेकवून, श्वास धरून बसली होती, कारण तिला काम दिलं होतं आणि ते तिला नीट करायचं होतं. आईला तिचं छोटंसं हृदय आपल्या हातांखाली धडधडताना जाणवत होतं. ही पोर आपलं काम टाळते, असं आपण कसं म्हणालो? आवाज वाढत गेला. आता तो बोलण्याएवढा होता. आता शेजारच्या खोलीतून हाक मारावी एवढा. भिंगरी अजून वाट बघत होती. आईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण तिने ते पुसायलाही हात उचलला नाही.

मग आवाज इतका मोठा झाला की आईच्याच कानाला तो बोचला. तेवढा आवाज त्यांच्या घरी फक्त एकाच माणसाचा निघायचा, ओट्याजवळून, घसा फाडून.

भिंगरीने मणी डब्यात टाकला. आणि डब्याकडे न बघता, काचेपलीकडच्या बाईंकडे न बघता, ती मांडीवरच गर्रकन मागे वळली आणि आईच्या तोंडाकडे बघून खुदकन हसली. तिला वाटलं, आईने हाक मारली.