नागुबाईचं कातरण

या, असं पुढं सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे. बुवा पटका बांधतायत, मृदंगाला कणीक लागतेय. तोवर एक गोष्ट सांगतो, देवीच्या दारात घडलेली. क्षमेची गोष्ट बुवा सांगतीलच. ही सुडाची आहे.

इंग्रजांचं राज्य होतं. खानापूरकडच्या आपल्या गावांत बायका नऊवारी इरकल नेसायच्या आणि अंगात खणाची चोळी, पुढं गाठ मारायची. कोऱ्या खणाला एक वास असायचा. पेटी उघडली की घरभर व्हायचा, आणि आज सण आहे हे पोरांना न सांगता कळायचं. पुरुषमाणूस डोक्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. त्या काळात पंचक्रोशीतल्या चोळ्या शिवायची ती नागुबाई. नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक मनुबाई. मापाला जुनी चोळी घ्यायची, ती नसली तर वितीनं बघायची. पण तिची चोळी अंगावर अशी बसायची की बाई पाण्याला वाकली काय आणि भात कांडायला हात वर केला काय, टाका बोलायचा नाही.

रिवाज असा होता, की खण शिवून उरलेलं कातरण शिवणारीचं. ते कुणी मागत नसे. नागुबाईनं कातरणाचे तुकडे वर्षानुवर्षं गाठोड्यात साठवले, आणि मनूच्या लग्नात त्यांचीच चोळी शिवली. एक बाही अंजिरी, एक हिरवी, पाठीवर चांदण्यांचा खण. मांडवात बायका ती चोळी हात लावून लावून बघत होत्या.

तेवढ्यात जयाबाई आली. गावातल्या मानाच्या घरची सून, नवरा बेळगावात कचेरीत कारकून. फुग्याच्या बाह्यांचं, पाठीला बटणं असलेलं पोलकं तिथल्या कॅम्पातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेलं. ती मनूच्या बाहीला चिमटीत धरून वऱ्हाडासमोर म्हणाली, "अगं बया! हा तर माझ्या खणातला तुकडा. नागू, चोरीच्या कापडावर लेक उजवतीस व्हय गं?"

ती हसली, पान खाल्लं, आणि बैलगाडीत बसून निघून गेली. पण मनूची सासू, जांबोटीची बाळाबाई, हसली नव्हती. चोराची पोर म्हणूनच तिनं मनूला घरात घेतली. पंचमीला माहेरी धाडली नाही, दिवाळीला नाही. नागुबाई दोनदा जंगलातली वाट तुडवून गेली, दोनदा ओसरीवरूनच परतली. "चोराला आमच्यात पाट मांडत न्हाईत," बाळाबाई म्हणाली होती. पहिल्या बाळंतपणात मनू गेली, तेव्हा निरोप आला तोही दहावं-तेरावं उरकल्यावर.

नागुबाई रडली ती एकदाच. मग सुई घेऊन बसली आणि वाट बघू लागली. कशाची, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

काही वर्षांनी लक्ष्मीची जत्रा आली. आपल्याकडं लक्ष्मी चौथऱ्यावर बसवतात तेव्हा गावच्या लेकी, सोयरेधायरे, सगळा मुलूख लोटतो. पहिल्या ओटीचा मान जयाबाईच्या घराचा. सासू राजाबाई विधवा, म्हणजे ओटी सुनेनंच भरायची. आणि देवीसमोर बटणाचं पोलकं चालत नाही. गाठीची चोळी हवी, तीही कोरी, आधी अंगाला न लावलेली. जयाबाईनं तर जुन्या चोळ्या कधीच बोहारणीला घालून भांडी घेतली होती, मापालाही एक उरली नव्हती.

ती खण घेऊन नागुबाईच्या दारात आली. "नागू, परवाची ओटी. जरा चांगली शीव हं."

नागुबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. मांडवातलं काहीएक तिथं नव्हतं. जयाबाईला ते आठवतही नव्हतं! नागुबाईनं खण हातात घेतला.

"शिवते की," ती म्हणाली. "आणि कातरण सगळं परत देते. एक धागा ठेवून घेणार न्हाय."

"दे बाई, उशीला होईल."

ओटीच्या सकाळी चोळी पोचली, सोबत कातरणाची पुरचुंडी. जयाबाईनं पुरचुंडी न सोडता कोनाड्यात टाकली.

वाजंत्री वाजली. जयाबाई हिरवं इरकल नेसून, नाकात नथ घालून चौथऱ्यावर चढली. पुढच्या बायकांत बाळाबाई होती, खांबाजवळ नागुबाई. देवी उंच. कुंकू लावायला जयाबाईनं हात वर नेला, आणि काखेपासून खालच्या काठापर्यंत चोळी टरकन फाटली. वाजंत्री थांबली होती नेमकी, म्हणून तो आवाज साऱ्या देवळानं ऐकला.

"बया! शहरची बाई देवीपुढं उघडी पडली की गं!" कुणीतरी म्हणालं, आणि हशा उसळला. जयाबाई पदर आवळून तिथंच बसली.

"नागू!" राजाबाई गरजली. "हे काय केलंस?"

"काय न्हाय केलं, आक्का. काखेत चौकोन घालावा लागतो, तवा हात उचलतो. तो निघतो कातरणातनं. तुमच्या सुनेला कातरण म्हंजे चोरी वाटती. म्हणून तिचं तिला परत दिलं. कोनाड्यात असंल बघा."

"सूड उगवतीस माझ्यावर!" जयाबाई किंचाळली.

"व्हय. उगवतीया."

मागं दुसऱ्या मानकऱ्यांची सून ताट घेऊन उभीच होती. राजाबाईनं ते बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "टाका घाल गं बाई. घराचा मान जातोय."

नागुबाईनं पदराला खोवलेली सुई काढली. "घालते. आधी हिनं बोलायचं. त्या बाळाबाईकडं बघून."

जयाबाईनं सासूकडं बघितलं. सासूनं मान फिरवली.

"कातरण... शिवणारीचंच असतं," जयाबाई पुटपुटली.

"खांबापातूर ऐकू आलं न्हाय."

"शिवणारीचंच असतं! मनूच्या चोळीत चोरीचं काही नव्हतं! मी उगाच बोलले, थट्टेत!"

"थट्टेत," नागुबाई म्हणाली. "ऐकलंसा, विहीणबाई? थट्टा हुती."

बाळाबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "आता बोलून काय? पोरगी तर गेली."

"गेली. तुमच्या घरात चोर म्हणून गेली. आता जांबोटीत जाऊन घरोघर सांगा."

मग नागुबाई चौथऱ्यावर चढली आणि फाटलेलं शिवलं, आवळून. चौकोन काही घातला नाही. "ओटी भर. हात मात्र खांद्याच्या वर नेऊ नको."

जयाबाईनं ओटी भरली. कुंकवाला हात पोचेना. ते दुसऱ्या घरच्या सुनेनं लावलं, आणि त्या जत्रेपासून कुंकवाचा मान त्या घरीच राहिला. राजाबाईनं सुनेला पुढं कधी माफ केलं नाही म्हणतात. नागुबाईनं तर जयाबाई आणि बाळाबाई, दोघींनाही नाही. म्हातारपणी ती कीर्तनाला अशीच पुढं येऊन बसायची. बुवा क्षमेवर आले की सगळे माना डोलवायचे, ती सरळ बघत राहायची.

आता बुवा उभे राहतील. तुम्ही हात जोडाल तेव्हा एवढं करा. जांबोटीच्या त्या घरात मनुबाईचं नाव कुणी घेतलं नाही, पोटचं मूलही मागं राहिलं नाही. तुम्ही तिची आठवण ठेवा.