मायणीच्या थांब्यावरचा वाघ

तिसऱ्या पानावर एक वाघ. मायणीच्या एसटी थांब्यावर बाकड्यावर बसून मोबाइल बघतोय.

घट्ट कडीचा स्टीलचा डबा. झाकणावर कोरलेलं नाव: बनुबाई.

फोटो काढून घ्यायला बसावा तसा महिनाभर टेबलावर बसलेला तांबडा भोपळा. आज तो तिथं नाही.

सात वर्षं.

आणि या सगळ्याच्या मधोमध, सांगलीतल्या दोन खोल्यांत, संयोगिता. हातात पेन्सिल, कान जिन्याकडे.

संयोगिता मुलांसाठी चित्रकथा काढायची. जुन्या गोष्टींतली माणसं उचलायची आणि आजच्या गावांत आणून सोडायची. या खेपेला तिनं लेकीकडं निघालेली म्हातारी धरली होती. वाटेत वाघ आडवा येतो, तेव्हा म्हातारी त्याला सांगते की लेकीकडं चार दिवस जेवून अंगानं भरून येते, तोवर दम धर. लहानपणी ही गोष्ट संयोगिताला तिच्या आईनं, बनुबाईनं, शंभरदा सांगितली होती.

त्याच बनुबाईनं लेकीच्या घरी आजवर पाण्याचा घोट घेतला नव्हता. लेकीला मूल होईस्तोवर तिच्याकडचं खायचं-प्यायचं नाही, ही रीत. लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. बनुबाई वर्षातून दोनदा वडूजहून यायची ती भाकरी-ठेच्याचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊनच. पहिली चार वर्षं संयोगितानं विनवण्या केल्या, रुसून बघितलं, रडूनही बघितलं. पुढं विचारणंच सोडलं.

आज बनुबाई अकराला आली. पिशवी मांडीवर घेऊन बसली. संयोगितानं चित्रांची पानं तिच्यापुढं ठेवली. बनुबाईनं चष्मा चढवला.

"म्हातारी लय वाळकी काढलीस गं."

"वाळकीच हाय ती. लेकीकडं जाताना घरनं डबा बांधून नेती."

"आन् वाघ?"

"बसलाय वाट बघत. म्हातारी तिसऱ्यांदा जाऊन आली, तरी अंगावर मांस न्हाई. पुढं बघ, कोल्हा विट्याच्या स्टँडवर वडापाव खातोय. कट्टाळला बिचारा."

बनुबाई पदर तोंडाला लावून हसली. कोल्ह्याचं पान तिनं दोनदा बघितलं. मग शेवटचं पान उलटलं. ते कोरं होतं.

"हितं काय न्हाई."

"सुचंना."

"मग पुण्याच्या छापणाऱ्यास्नी काय देणार?"

"म्हातारी जेवल्याबिगर गोष्ट पुढंच जाईना, आई." संयोगितानं पेन्सिल खाली ठेवली. "तुझीच गोष्ट हाय. तुझी म्हातारी लेकीकडं पोटभर जेवायची. त्या लेकीला पोरं हुती का न्हवती, ते तू कवाच सांगितलं न्हाईस."

बनुबाईचं बोट कोऱ्या पानावर तसंच राहिलं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"त्ये मला कुणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. मग चष्मा काढून पदरानं पुसत, संयोगिताकडं न बघता, "तू बी तीन वर्सं झाली, जेवतीस का म्हणून इचारलं न्हाईस."

संयोगिता उठली ती दारात जाऊन थांबली. स्वयंपाकघरात ताटलीत घारगे झाकून ठेवले होते. टेबलावरचा भोपळा सकाळीच तिनं किसला होता. कशासाठी, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

"आई, जेवतीस?"

"आन की. बघतीस काय?"

बनुबाईनं घारग्याचा तुकडा मोडला. बराच वेळ चावत राहिली.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली आणि दुसरा उचलला.

पाणी द्यायचं संयोगिताला सुचलंच नाही. ती नुसती बघत उभी होती. बनुबाईच उठली, माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्यानंच घटाघटा प्यायली.

त्या दिवशी सकाळी इकडं यायला वडूजच्या स्टँडवर एसटीत चढली, तेव्हाच बनुबाईच्या पिशवीतला डबा रिकामा होता.