चावीवाल्याच्या घरचा औषधांचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावर बिस्किटांचं चित्र आहे, त्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या पोटात औषधं आहेत. पाहुण्यांच्या मुलांनी मला आशेने उघडावं आणि तोंड पाडून बंद करावं, हे नेहमीचंच. त्यात माझा दोष नाही. चित्र काढताना मला कोणी विचारलं नव्हतं.

कारखान्यात एका यंत्राने मला दाबलं, दुसऱ्याने माझ्या कडा वळवल्या आणि तिसऱ्याने रंग दिला. आत बिस्किटं होती तोवर माझं फार कौतुक झालं. बिस्किटं संपली, कौतुकही संपलं. मग बरीच वर्षं मी सुया-बटणं सांभाळली, कारण या घरातली मावशी शाळेची दप्तरं शिवते. मावशी म्हणजे साऱ्या गल्लीची मावशी. तिच्या नवऱ्याला लोक चावीवाले म्हणतात. बिघडलेलं कुलूप उघडणं आणि हरवलेल्या किल्लीची जुळी बहीण घडवणं हा त्यांचा धंदा. पुढे मावशीच्या छातीत जळजळ सुरू झाली, बटणं बरणीत गेली आणि मला बढती मिळाली.

माझ्याकडे एकेक भाडेकरू राहायला आले. पहिली आली चघळायची गोळी. ती उतावळी. पोटात उतरते, समोर दिसेल त्या आम्लाचा जोर मोडते आणि थोड्या वेळात दमून बसते. नवीन आम्ल तयार होतच राहतं, त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. मग आली मळमळीची गोळी. उलटीचा हुकूम शेवटी मेंदूतून सुटतो; ही तिथे जाऊन हुकमावर सही होऊ देत नाही. तिसरी गोळी जेवणाआधीची. ती पोटाला म्हणते, चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका. मग अन्न वर यायचं सोडून खाली सरकतं. ही मात्र थोडे दिवसच घ्यायची, मनाने वाढवायची नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती. शेवटी आली कॅप्सूल. अबोल, पण कामाची. आम्ल तयारच कमी व्हावं, हे तिचं काम.

चार भाडेकरू, चार स्वभाव. घरात मात्र चौघींना एकच नाव, पोटाची गोळी. मला याचा राग येई. चावीवाल्यांकडे कोणी नुसती किल्ली मागितली, तर ते चष्म्यावरून बघत विचारतात, कशाची? घराची, कपाटाची की स्कूटरची? तेच गृहस्थ घरी आले की मावशीला म्हणत, घे गं एखादी पोटाची.

कॅप्सूल सुरू होऊन महिना उलटला, तरी मावशीला उतार पडेना. जेवण झालं की आग घशापर्यंत येई. हळूहळू ती जेवणालाच घाबरू लागली. ताटात वाढून घ्यायची आणि भूकच नाही म्हणून निम्मं झाकून ठेवायची. चावीवाले वरवर थट्टा करत, की अन्न वाचतंय, चैन आहे. पण एकदा ती मागच्या दारी कपडे वाळत घालत असताना ते माझ्यासमोर येऊन बसले. मला उघडलं, प्रत्येक पाकीट उलटंसुलटं केलं आणि तसंच ठेवलं. जगातली कुलपं उघडणाऱ्या माणसाने माझं झाकण उलटं लावलं.

डॉक्टरीणबाईंनी निरोप दिला, की दुर्बिणीने तपासणी करायचीच आहे, पण आधी सगळी औषधं घेऊन या. असा मी पहिल्यांदाच पिशवीतून बाहेर पडलो. त्यांच्या टेबलावर मला उघडलं गेलं.

कॅप्सूल कधी घेता, असं त्यांनी विचारलं. मावशी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, तुम्ही सांगितलंत तशी. एक दिवस चुकवली नाही.

"छान. आणि खाता कधी?"

"हे आले की."

"हे कधी येतात?"

मावशी नवऱ्याकडे बघू लागली. नवरा छताकडे.

"ते कुलपावर आहे," चावीवाले म्हणाले.

मित्रांनो, सकाळ हा चावीवाल्यांचा हंगाम. लोक कामाच्या घाईत दार ओढून घेतात आणि किल्ली आतच राहते. चावीवाले भल्या सकाळी बाहेर पडत ते ऊन चढल्यावर परतत. लग्न झाल्यापासून मावशीने त्यांच्याआधी घास घेतला नव्हता. कोणी सांगितलं नव्हतं. एकटीला गोड लागत नाही, एवढंच. आणि उपाशीपोटी याचा अर्थ तिने लावला होता, ते येईपर्यंत उपाशी.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावलं, की पोटाच्या भिंतीत आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. घास आला की ते जागे होतात. कॅप्सूल जाग्या पंपांनाच पकडते. झोपलेले तिच्या हाती लागत नाहीत, आणि ती जास्त वेळ रक्तात थांबतही नाही. म्हणून कॅप्सूलनंतर अर्ध्या-पाऊण तासात खायलाच हवं.

"म्हणजे पहारेकरी निघून गेल्यावर चोर येत होते," चावीवाले पुटपुटले. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "माझ्यासाठी थांबत होतीस?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?"

तपासणी झाली. अन्ननलिकेला खालच्या बाजूला जखम निघाली. वाईट काही नव्हतं. चावीवाल्यांनी तपासणीचा कागद दोनदा वाचला, मग बाकावर बसून चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

आता सकाळी कॅप्सूल झाली की थोड्या वेळाने दोघं समोरासमोर जेवायला बसतात. मधे फोन येतो. परवा एक गृहस्थ टॉवेलवर बाहेर अडकले होते. चावीवाले शांतपणे म्हणाले, "येतो हो. आमच्या घरात जेवण चाललंय." मावशीने हसू दाबत ताट साफ केलं. सगळं.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, लहानांच्या हाती देऊ नका आणि प्रत्येक गोळीला तिच्या नावाने हाक मारा. शौचाला काळं झालं, घास अडकू लागला, वजन उतरू लागलं, तर माझ्याकडे येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. आणि तिथे औषध कधी घेता एवढंच सांगून थांबू नका. जेवायला कोणाची वाट बघता, तेही सांगा.