टाकीवरची ड्युटी

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात नवी यंत्रणा आली, तेव्हा साहेबांनी पेढे वाटले. म्हणाले, "आता यंत्र काम करील, तुम्ही आराम करा."

यंत्र खरोखरच सगळं करू लागलं. तापमान वाढलं की तेच उतरवी. फक्त हे कुणीतरी माणसाने पाहिलंय, एवढी खात्री त्याला लागे. म्हणून ऑपरेटर किशोरच्या मोबाइलवर घंटी वाजे आणि दोन मिनिटांत 'पाहिले' हे हिरवं बटण दाबावं लागे. जेवताना, अंघोळीत, झोपेत. रजेतसुद्धा, कारण रजा माणसाला असते, मोबाइलला नसते.

सात महिन्यांत किशोर घंटी न वाजताही दचकू लागला. आता त्याला एकच हवं होतं. शिमग्याला पोलादपूरच्या डोंगरातल्या आपल्या वाडीत जाऊन देवीची पालखी खांद्यावर नाचवायची. दोन दिवस रजा मिळाली. पण वाडीत रेंज एकाच जागी, वरच्या पाण्याच्या टाकीजवळ. पालखी खाली.

"मी बसते टाकीवर," त्याची आई ठमाबाई म्हणाली. "हिरवं दिसलं का दाबायचं ना? त्याला काय शाला लागते?"

"आये, पालखी घरी येल तवा ओटी कोण भरंल?"

"सेजल भरंल. सून कशाला आणलीय? तू नाच रे."

किशोर नाचला. खांदा सोलवटला आणि त्याला फार बरं वाटलं. वर ठमाबाईने दोन दिवसांत एकशे बारा वेळा बटण दाबलं. ढोल तिच्या अंगणात थांबला, पुढे गेला. तिने तो ऐकला. मान वळवली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी किशोर टाकीवर आला, तोच साहेबांचा फोन.

"अभिनंदन! रजेवर असून चार सेकंदांत उत्तर! इथे तुला चाळीस लागतात. आराम मानवला की रे तुला! म्हणून दुसरं युनिटही तुझ्याकडेच दिलंय. महिपतला उद्यापासून सुट्टी."

महिपत बारा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसत होता. बटण आईने दाबलं हे खरं सांगावं, तर दोघांनाही सुट्टी.

"साहेब, ते…"

"आभार नकोत रे!" फोन बंद.

"काय बोलला साहेब?"

"महिपतचं काम पण मलाच दिलं."

"नि तो?"

"घरी बसवला."

ठमाबाईने जरा विचार केला. "मंग त्याला हितं धाड. मला एकटीला लघवीला पण उठाया मिळत नाय."

घंटी वाजली. किशोरने हात पुढे केला. आईने दाबलंसुद्धा होतं.